कडिमे

फॉर्म कन्नडमध्ये होता.
पंचायतीतून आलेली महादेवी
सायकल चिंचेला टेकवून ओट्यावर बसली
आणि एकेक रकाना मला मराठीत सोडवून विचारू लागली.

पूर? नाही बाई. मलप्रभा खाली, दीड कोसावर,
तिला आमचा चढ झेपत नाही.
भूकंप? एकदा मांडणीवरचे पेले वाजले,
सासऱ्यांनी मांजराला शिव्या घातल्या.
दरड? डोंगर पलीकडे, कणकुंबीच्या अंगाला.
वीज? पडली एकदा, परड्यातल्या माडावर.
तो बघ, अजून उभा आहे, शेंड्याविना.

प्रत्येक ओळीपुढं तिनं एकच शब्द लिहिला: कडिमे.
कमी.
खानापूरच्या बाजारात मी तो रोज वापरते,
'स्वल्प कडिमे माड्री, अण्णा.'
संकटाचा भावही असा पाडता येतो
हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटचा रकाना: घराची तयारी काय?
पत्रकावर चित्र होतं. एक पिशवी, बॅटरी, बिस्किटं,
शिट्टी, आणि नुसतं हसणारं चौघांचं घर.
'शिट्टी आमच्यात कुकरलाच,' भरमाण्णा म्हणाले,
'नाही म्हणून लिही की. इथं काय होऊलंय?'

तिचं पेन थांबलं. मी घराकडं बघितलं,
पाहुण्याच्या नजरेनं, पहिल्यांदाच.
खताच्या पिशवीत गुंडाळलेले उतारे, रेशनकार्ड,
थोरल्याचं मार्कांचं पान.
गवताची गंजी घरापासून वीस पावलं लांब;
सासऱ्यांनी पावलं मोजली होती, कारण सांगितलं नव्हतं.
दाराच्या फळीवर खडूनं शेवंताक्काचा नंबर.
आणि माळ्यावर पालथी घातलेली
चौदा ताटं.

त्या श्रावणात शेवंताक्काचा फोन आला,
कृष्णाकाठच्या तिच्या घरातून.
'येऊलोय,' एवढंच. मागं पाण्याचा आवाज नव्हता.
पाणी गप्प येतं, असं ती नंतर म्हणाली.
दोन टेम्पो. एकात म्हशी,
दुसऱ्यात चौदा माणसं आणि एक शिलाई मशीन.
निम्म्यांना आम्ही ओळखतही नव्हतो.
उपाध्यांची पद्मव्वा दिवस बुडायच्या आत जेवायची,
कांदा नको, बटाटा नको;
मग अठरा दिवस आमची चूल चारलाच पेटली
आणि सगळेच उजेडात जेवलो.
ताटं मी बेळगावहून आणली, स्टीलची, हलकी.
दुकानदारानं विचारलं, 'लग्न काय?'
मी 'होय' म्हटलं.

पद्मव्वानं येताना काही घेतलं नव्हतं,
फक्त किल्ली.
कुलपाच्या वर पाणी होतं तेव्हा, तरी तिनं घर लावलं होतं.
'राहू दे इथं,' म्हणून तिनं ती
बॅटरीशेजारच्या खिळ्याला अडकवली.
परत गेली तेव्हा तिथं दार नव्हतं.
किल्ली मागायला कुणी आलं नाही.

'घरात माणसं किती?' महादेवीनं विचारलं.
पाच, मी म्हणाले.
तिनं पाच लिहिलं. रकाना लहानच होता.
तयारीपुढं काय लिहू, ती म्हणाली,
आणि मी उत्तर द्यायच्या आधी
भरमाण्णांनी खिळ्यावरची बॅटरी काढून
मोठ्या ऐटीत तिच्यासमोर दाबली.

लाल. काडीच्या टोकाएवढं लाल.
सेल आत फुगले होते, पांढरं काहीतरी सांडलेलं.
महादेवी हसली नाही. सही घेतली,
चहा घेतला, सायकल उतारावर सोडली.

'बाजारातून सेल आणा,' मी म्हणाले.
'दोन?'
चार, म्हटलं. आणि साखर पाच किलो.
'एवढी साखर कशाला?'
मी किल्ली पदरानं पुसत होते.
तिला गंज चढत नाही. हात लागत असतो.