खिडकी क्रमांक पाच

मोंतेविदेओच्या त्या बँकेत
नेलिदाची बोटं बावीस वर्षं चुकली नव्हती.
मोजता मोजता ती गिऱ्हाइकाच्या
गुडघेदुखीची चौकशीही करायची.

मग फाब्रिसियोने पाठीमागे घड्याळ लावलं :
माणशी तीन मिनिटं,
पुढे गेलं की लाल.

आता ती कुणाचा गुडघा विचारत नाही.
तरी परवा दोनशे पेसो कमी भरले,
काल जास्त.
गड्डी पुन्हा मोजते. पुन्हा.
मागे आकडा लाल होत असतो.

फाब्रिसियो म्हणतो, वय झालं.

मी शेजारच्या खिडकीत.
माझं लक्ष तिच्या अंगठ्याकडे,
थुंकीने ओला व्हायचीही
सवड उरली नाही त्याला.
आणि माझ्या हातातली ही नोट
सत्तेचाळिसावी,
की अठ्ठेचाळिसावी?