चोवीसशे एकतीस मात्रा

दांडिया बाजारात, बेकरीच्या माळ्यावर,
रात्रभर आकडेमोड चालली मशीनची.
सकाळी तिनं एवढंच सांगितलं:
क्लॅरिनेटला फेरा अकराचा, जलतरंगाला तेराचा,
सेलोला सतराचा.
तिघं एकदम सुटतील
आणि पुन्हा भेटतील ती चोवीसशे एकतीस मात्रांनी.
सेकंदाला एक मात्रा. म्हणजे चाळीस मिनिटं, वर थोडी.
आम्हाला वेळ मिळाली होती वीस मिनिटांची.

रमजूभाई एरवी वरातीत वाजवतात.
कागद उलटासुलटा करून म्हणाले,
"बेन, सम क्यां छे?"
मी म्हटलं, आहे. पण कार्यक्रमात नाही.
ते हसले नाहीत. चष्मा पुसला,
पेन्सिलीनं कडेला बारीक रेघा ओढत बसले.

वाजलं ते वाजलं.
पहिल्या रांगेतले पागेकाका
मांडीवर हात उचलून समेची वाट पाहत होते,
तो हात तसाच घरी घेऊन गेले.
हेमांगीनं वाट्यांमधलं पाणी खिडकीतून ओतलं.
कुणीतरी म्हणालं, वेगळं होतं हां.

मग सूरसागरच्या कठड्याशी चहा.
स्कूटर, रिक्षाचा भोंगा, शेवउसळवाल्याचा डाव पातेल्यावर,
कुणाचाच फेरा कुणाशी जुळत नव्हता;
आणि रमजूभाई बोलता बोलता थांबले,
क्लॅरिनेटच्या पेटीवर दोन बोटं
ठक्‌ आपटली,
मान किंचित हलली.

मी घड्याळ पाहिलं नाही.
चहा पुढे केला.
"खांड बहु छे," ते म्हणाले.