निळी बुरशी

नखांखालचं निळं तिसऱ्या आठवड्यात निघालं, एतेल्विना.
साबणानं नाही, सुईनं.
चाळीस वर्षांचं होतं ते,
एका आंघोळीत कसं जाईल?

ओव्हिएदोच्या या पाचव्या मजल्यावर
तुझ्याकडे यायला दोन दारं.
पहिलं पुरतं मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
मधल्या चिमूटभर जागेत उभा राहून
मी हात पुढे करतो
आणि ती उंच नर्स ते उलटेपालटे करून बघते,
तू चीजचा गोल बघायचीस तसे.

काही आणलंत?
नाही. फुलं नाहीत.
सेल्सोनं झाडावरचं सफरचंद दिलं होतं,
ते खाली गाडीत बसलंय, पुढच्या सीटवर.

सोवळं म्हणावं, तर देव कुठे आहे यात?
फळ्यावर फक्त पांढऱ्या पेशींचा आकडा आहे.
काल शून्य पूर्णांक एक.
आज तेवढाच.

डोंगरातल्या गुहेचं झडप
तू वारा हुंगून उघडायचीस, हुंगून लावायचीस,
बुरशीला सर्दी होईल म्हणून.
तिनं आपलं छप्पर घातलं,
पोरीला सालामांकाला शिकवलं.
आता रोज सकाळी जेवणाबरोबर
तिच्यावरची पिवळी गोळी तू गिळतेस
आणि माझ्याकडे बघत नाहीस,
कुणाची चहाडी केल्यासारखी.

परवा पहाटे साडेतीनला अडतीस पूर्णांक दोन.
तू घंटा दाबलीस.
तू!
जिनं गाईनं लाथ मारून मोडलेली बरगडी
सहा दिवस पदराआड ठेवली होती.
नर्स म्हणाली, शहाण्या आहात,
या दिवसांत ताप सकाळपर्यंत थांबत नाही.
तासाच्या आत सलाईनमधून औषध सुरू झालं होतं.
मला फोन नंतर आला.

गोल उलटलेस का, रोज विचारतेस.
हो, म्हणतो.
वरच्या फळीवरचे?
तेही.

आज तू माझा हात धरलास,
मास्कपाशी नेलास,
आणि बराच वेळ तसाच ठेवलास.

कसलाच वास नाही, म्हणालीस.

मी खिडकीकडे बघितलं. ती उघडत नाही.
किल्ली सेल्सोकडे आहे, म्हणालो. तेवीस दिवस.

तू काही बोलली नाहीस.
पंख्यासारखं ते हवा गाळायचं यंत्र घुमत होतं.
मग म्हणालीस,
त्याला सांग, ओल्या भिंतीकडचे आधी उलट.
आणि सफरचंद
तू खा.