पाणी

सातपूरला, एका शेडच्या कोपऱ्यात
माझं काम मापं घेण्याचं.
व्हर्नियर, मायक्रोमीटर,
आणि कडकपणा तपासायचं एक जुनं यंत्र:
हिऱ्याचं टोक पोलादावर दाबायचं
आणि खळगा किती खोल गेला ते वाचायचं.
खळगा सगळ्यांनाच पडतो,
नवीन पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते.

मला पडायचा तो काट्याच्या बाहेरचा.

बोरस्ते साहेब टेबलापाशी येऊन नुसते उभे राहायचे.
रागवायचेसुद्धा नाहीत.
"वैजयंताबाई, गाडी लागलीय बाहेर."
एवढंच,
की माझी बोटं आपोआप हिरवा शिक्का शोधायची.
अठरा वर्षं.
घरीही तेच. भिशीचा शेवटचा नंबर, हो.
नणंदेने आणलेली जांभळी साडी, हो, छान आहे.
गुडघा दुखत असताना चौथ्या मजल्यावर
शेजारणीचं दळण, हो, द्या ना.

बुधवारी सुटल्यावर गोदाकाठच्या बाजारात उतरते.
तिथं दुतोंड्या मारुती.
एक तोंड इकडे, एक तिकडे.
त्याच्यापुढे पिशवी टेकवून एकदा हसूच आलं:
देवा, तुझी दोन्ही दिसतात तरी.
माझं एक हो म्हणतं चारचौघांत,
दुसरं रात्री पोटात नाही नाही करत बसतं.

पहिला नकार मी मेथीच्या जुडीला दिला.
"घ्या की ताई, शेवटच्या दोन."
"नको."
घाम फुटला. मेथीवाल्याला काहीच झालं नाही,
त्याने जुड्या पुढच्या बाईपुढे धरल्या.

मग बाराशे पिना आल्या.
अठ्ठावन्न हवं तिथं एक्कावन्न.
पुन्हा दाबलं. एक्कावन्न.
दुसरी पिन घेतली, तिसरी, सातवी.
साहेब येऊन उभे राहिले.
गाडीचं इंजिन चालूच होतं बाहेर.
माझा आवाज निघाला तो मांजराच्या पिल्लासारखा,
"ह्या नाही जाणार, साहेब."
त्यांनी ऐकलं नाही बहुतेक.
परत म्हणावं लागलं.
ते परत म्हणणं फार अवघड गेलं.

लाल चिठ्ठी बांधताना दोरा तीनदा सुटला.
गाडी रिकामी गेली.
टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत,
सोमवारपासून मला रात्रपाळी लागली.

आणि खरं सांगायचं तर
पुढच्याच महिन्यात मी पुन्हा एकदा
हिरवा शिक्का मारला. मारून घरी आले.
पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडले,
उजाडताच फोन केला: तो माल थांबवा, चूक माझी.

त्या पहाटे आण्णा आठवले. ओझरचा भाता.
कण्हेरीच्या फुलाइतका लाल विळा
ते चर्रकन पाण्यात बुडवायचे,
आणि मी विचारायचे, झाला?
"नुसतं पाणी दिलं तर काचेसारखा फुटतो, बाय.
त्याला परत थोडा शेक द्यायचा,
गव्हाच्या काडीचा रंग येईस्तोवर."
मग विळा बाजूला ठेवून ते बिडी पेटवत.
मला वाटायचं, केवढा हा उलटसुलट खटाटोप,
एका गवत कापायच्या वस्तूसाठी.

परवा धरणाचं पाणी सोडलं.
पुलावर निम्मं नाशिक उभं, नदी जोखत.
गुडघ्याला लागलं. नाही हो, कमरेला.
मी मोठ्यानं म्हणाले, कमरेच्या खाली आहे अजून,
माझं कामच आहे ते.
गढूळ पाणी मारुतीला दोन्हीकडून घासून जात होतं,
आणि तो होता तिथं होता.

भुरभुर सुरू झाली.
एक अनोळखी बाई म्हणाली,
"छत्रीत घेता का जरा?"
मी क्षणभर थांबले.
आत पाहिलं, दुसरं तोंड काय म्हणतंय.
ते गप्प होतं.

या, म्हटलं.