सुटे

धंतोलीच्या ट्रॅव्हलवाल्या पोराने
तिकिटांच्या मागे एक कागद लावून दिलाय:
बालीला टिप कोणाला, किती.
बॅग उचलणाऱ्याला वीस हजार,
खोली आवरणाऱ्यासाठी रोज वीस, उशीखाली,
ड्रायव्हरला शेवटच्या दिवशी लाखभर.
"लाख?" हे खुर्चीतून अर्धे उठलेच.
"रुपिया जी, काका. आपले पाचशे-साडेपाचशे."
झिरो माइलच्या गावची माणसं आम्ही,
शून्यं पुसता पुसता घरी आलो.

धन्यवादाला तिकडे काय म्हणतात, तेही विचारलं.
"तेरिमा कासिह," पोरगा म्हणाला.
ह्यांनी चटकन मागे वळून पाहिलं,
कोणी बाई-माणूस ऐकत तर नाही ना.

मे महिना. कूलरला नवा वाळा.
पलंगावर उघडी बॅग, आणि मी
सदरहून बदलून आणलेल्या नोटा
पाकिटांत घालत बसलेली.
केतकीचा पुण्याहून फोन:
"आई, सर्व्हिस चार्ज बिलातच असतो.
उगाच डबल देत सुटू नकोस."

बाबा सीताबर्डीवर वेटर होते.
गोळीबार चौकातला माग विकला,
तेव्हा नऊवारीच्या काठात धागा न चुकवणारी बोटं
एका पंज्यात चार गिलास धरायला शिकली.
रात्री अकराला सायकल भिंतीला लागायची,
आणि चटईवर खिसा उलटा व्हायचा.
चाराणे, आठाणे, सणासुदीला रुपया,
प्रत्येकाला बडीशेप चिकटलेली.
मी आणि चंद्रकला आधी बडीशेप वेचून खायचो.
"कोणाचे हो बाबा?"
"लोक इसरून जातात बशीत."
कितीतरी वर्षं मला वाटायचं,
नागपूरची माणसं फार विसराळू.

मग एकदा आईला ताप चढला म्हणून
हॉटेलात बोलवायला गेले.
कोपऱ्यातल्या टेबलावरचा माणूस
दात कोरत कोरत उठला,
न पाहता बशीकडे नाणं उडवलं.
ते बशीला लागून खाली घरंगळलं.
बाबा वाकले, टेबलाखाली पार आत गेले.
बाहेर येताना समोर मी.
त्या रात्री चटईवर काही पडलं नाही.
स्वयंपाकघरात डब्याचं झाकण तेवढं वाजलं.

एक गुरुजीही यायचे म्हणे, दर शनिवारी.
दहाच पैसे ठेवायचे. पण जाताना
"येतो बरं, डोमाजी" म्हणायचे.
त्या दहा पैशांची गोष्ट बाबा
जेवताना दोनदा सांगत.

कागदावर हे कुठेच नाही.
किती आहे, केव्हा आहे,
उशीच्या कोणत्या बाजूला तेही आहे.
ज्याच्या हातात ठेवायचं
त्याच्या तोंडाकडे पाहायचं की नाही,
पोराला विचारायचं राहून गेलं.

हसू नका, पण रात्री मी तालीम केली.
वीस हजारांची एक नोट
आपल्याच उशीखाली सरकवली, थोडी बाहेर,
दिसेल पण ठेवल्यासारखी वाटणार नाही अशी.
ह्यांनी कूस बदलली. "झोप ना आता."

सकाळी झाकली गेली चहाच्या गडबडीत.
निरूबाई चादर झटकायला आत गेली
आणि दारातून हात पुढे करून उभी.
"ताई, तुमचे पैसे इसरले इथं.
अन् हे कोन्या देशाचे जी?"

अकरा वर्षं ती ही चादर झटकते.
दिवाळीला साडी, पगार एक तारखेला,
त्यात कधी चूक नाही माझी.
"विसरले नाही गं," म्हटलं,
आणि पुढे काय म्हणावं ते सुचेना.
ती नोट उन्हाकडे धरून
शून्यं मोजत होती, ओठ हलवत.

पर्स उघडली. कप्पा, आतला कप्पा, चेन.
सगळं बालीचं.
आपलं सुटं एक नव्हतं.