पान एकसष्ट

मंगळवार पेठेतल्या वाचनालयात
मी पुस्तकं शिवतो.
सुट्या पानांना खळ, उसवलेल्या पाठीला दोरा,
आणि समासातल्या शिसपेनीच्या खुणा
खोडरबरानं पुसायच्या,
असं चौगुलेबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

पुस्तक मिटून उजेडात आडवं धरलं
की कळतं, लोक कुठवर आले.
रहस्यकथा शेवटापर्यंत काळ्या.
पाककृती पुरणपोळीच्या आसपास.
आत्मकथनं मात्र सुरुवातीला
बोटांच्या घामानं मळलेली
आणि मग एकदम पांढरी.
पंचगंगा उतरल्यावर भिंतीवर राहते
तशी एक रेघ.

ती रेघ मला ओळखू येते.
तिथं कुणीतरी कमरेचा पट्टा काढलेला असतो.
नाहीतर आई
पाठ फिरवून तांदूळ निवडत बसलेली असते,
आणि तांदूळ तर कधीच निवडून झालेले असतात.
तिथं लोक पुस्तक मिटतात.
परत करताना म्हणतात,
फार चांगलं आहे हो, पण रात्री झोप लागत नाही.
जरा विनोदी काहीतरी द्या.

मीही तिथंच थांबायचो.
पुढचं मला कुणी सांगायला नको होतं.
उद्यमनगरच्या फौंड्रीत ओतकाम करून
अण्णा घरी यायचे,
तेव्हा आम्ही तिघं भावंडं
सायकलची घोडी लावल्याचा आवाज ऐकायचो.
एका खटक्यात लागली, तर जेवण.
दोन-तीनदा घसरली,
तर मधला दिनकर आधीच माळ्यावर.

हे कुणाला सांगितलेलं नाही.
बायकोला एवढंच माहीत आहे,
की अण्णा कडक होते.

दिवाळीच्या आधी एक पुस्तक शिवायला आलं.
पुठ्ठा सुटलेला.
गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारत
वाढलेल्या पोराचं.
पान एकसष्टवर, समासात, बारीक अक्षर:
पुढं वाच. तो वाचतो.

खोडरबर हातात घेतलं. ठेवलं.
वाटलं, वाचतो म्हणजे शाळेत जात असेल,
धडा वाचत असेल.
मग संध्याकाळी गंगावेशीत
दुधाच्या कट्ट्यावर उभा होतो,
म्हशीची धार पेल्यात, फेस ओठाला,
तेव्हा कळलं.
पेला हातातच राहिला.
मागचा माणूस म्हणाला, ओ पावणं, सरका की.

त्या रात्री नियम मोडून पुस्तक घरी नेलं.
बासष्ट. त्रेसष्ट.
अडुसष्टवर एक म्हातारी, नात्यातली नव्हे,
त्याला भाकरीचा पापुद्रा देते. गूळ लावून.
सत्तरवर पुन्हा मार,
बहुतेक कुणी फार आशा लावून बसू नये म्हणून.
मधे उठून पाणी प्यालो.
दाराची कडी बघितली, उगीच.
एकशे चारवर होतो
तेव्हा पलीकडच्या तालमीत
कुणीतरी लाल माती उकरायला लागलं होतं.

पुढं समासात कुठं काही लिहिलेलं नव्हतं.
मागच्या कार्डावर तेरा नावं.
मगदूम, कुंभोजे, सी.पी.आर.मधल्या एक सिस्टर,
एका ठिकाणी नुसताच नंबर.
कुणाचंही असेल ते अक्षर.

चौगुलेबाईंनी विचारलं, खुणा पुसल्या का?
म्हटलं, सगळ्या.

शनिवारी दिनकरला फोन लावला, इचलकरंजीला.
मागांच्या खडखडाटात तो ओरडला,
काय म्हणतोस?
म्हटलं, काही नाही. एक पुस्तक वाचतोय.
लहानपणचं?

मी लहानपणचं असं म्हटलं नव्हतं.

थोडा वेळ नुसतेच माग.
मग तो बाहेर आला असावा,
कारण आवाज अगदी जवळून आला, लहानपणीसारखा:
कितव्या पानावर आहेस?