दुसरी भाजणी

प्रातोत बापामागे वाटण्या झाल्या,
तेव्हा बिस्कोत्तीचा कागदही फाटला मधोमध.
ऑर्नेल्लाकडे वरचा तुकडा: मैदा, साखर, चार अंडी,
बदाम सालासकट, बडीशेप,
आणि बडीशेपेपुढे नुसतंच ‘बेताची’.
फोस्कोकडे खालचा.

तीन वर्षं ती एकदाच भाजते,
गरम लादी बोटांनी मोडून ओट्याशीच खाते.
मऊ. बरी लागते.
पुढचं तिला पाठ आहे, त्यात काय एवढं?
तिरकं कापायचं, आडवं निजवायचं, पुन्हा भट्टीत.
पण ते त्याच्या तुकड्यावर आहे.

आज सुरी काढली तिने.
ठेवली.
फोन लावला.
“दुसऱ्यांदा किती वेळ रे?”

पलीकडे खुर्ची सरकली,
एक ड्रॉवर, मग दुसरा.
“थांब,” तो म्हणाला, “चष्मा सापडत नाहीये.”